मन्सूरभाईंची वायरिंग बरोबर होती

"रागात असशील तर आधी चहा पी, आणि मग ग्रुपवर काही लिहू नको." हे माझ्या नवऱ्यानं, प्रफुलनं, मला निदान चारदा सांगितलं होतं. त्या दिवशी मी चहा घेतला. साखर नेहमीपेक्षा जास्त घातली. आणि मग ग्रुपवर लिहिलं.

त्या सात ओळींमुळे सिंदेवाहीतलं एक दुकान आज बंद आहे आणि एका माणसाचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा उडालाय. तो माणूस म्हणजे मन्सूरभाई. ऑटो इलेक्ट्रिशियन. तीस वर्षं या तालुक्यातल्या दुचाक्यांच्या वायरी जोडणारे. हे सगळं सांगताना माझी अब्रू जाणार आहे हे मला कळतं. जाऊ दे. तिचा तसाही मला आता फारसा उपयोग उरलेला नाही.

तर झालं असं, की मोटारसायकल मला झटका देऊ लागली.

मोटारसायकल प्रफुलची. तो बल्लारपूरला नोकरीला. शनिवारी संध्याकाळी रेल्वेनं येतो आणि सोमवारी परत जातो. मधल्या दिवसांत मोटारसायकल, सासूबाई आणि तीन वर्षांची खुशबू, या तिघी माझ्याकडे. त्यांतली मोटारसायकल सगळ्यांत समजूतदार, असं मी तोवर धरून चालले होते. सकाळी साडेसहाला मी तिच्यावरून नऊ किलोमीटरवरच्या एका शाळेत जाते आणि आठवी-नववीला विज्ञान शिकवते. बी.एस्सी. फिजिक्स, प्रथम श्रेणी. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं अडाणीपणातून झालं असं कोणी समजू नये. ते शिक्षणातूनच झालं.

आमचं घर वस्तीच्या टोकाला. मागे आईंची, म्हणजे सासूबाईंची, परसबाग, मग धानाच्या बांध्या, मग जंगल. ऑक्टोबर होता. आदल्या आठवड्यात वस्तीतून दोन मोटारसायकली चोरीला गेल्या होत्या आणि मी काळजी करणारी बाई आहे. खुशबूनं झोपेत कूस बदलली तरी मी उठून तिचं कपाळ पाहते. चोरीची बातमी ऐकल्यावर मी बाजारातून सगळ्यांत जाड साखळी आणली. अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात सासऱ्यांच्या काळातला, बैल बांधायचा सागवानी खुंटा आहे. त्याला लोखंडी कडी. त्या कडीतून साखळी ओवायची, गाडीला दोन वेढे द्यायचे आणि कुलूप. पावसानं अंगण अजून मऊ होतं, स्टँड मातीत रुतायचा, म्हणून स्टँडखाली प्रफुलची जुनी रबरी चप्पल. व्यवस्था अशी चोख होती, की चोर आला असता तर नुसती पाहूनच त्याचं मन खचलं असतं.

चौथ्या सकाळी कुलपाला हात लावला आणि मनगटावर कोणी हातोडी हाणावी तसं झालं.

मी मागे उडी मारली. पुन्हा हळूच बोट लावलं, काही नाही. हसले. पूर्ण हात लावला, दणका. टाकीला लावला, तिथंही दणका. सायलेन्सरला लावला, तिथं तर सव्वा दणका. शेवटी हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून कसंबसं कुलूप काढलं, साखळी ओढली, आणि गाडी एकदम शांत. जसं काही झालंच नाही.

इथं माझ्या शिक्षणानं पुढाकार घेतला. कुलपालाही झटका येतो, याचा अर्थ गाडीतला करंट साखळीतून वाहत कुलपापर्यंत पोचतोय. बापरे, केवढा असेल! आणि साखळी काढल्यावर थांबतो, म्हणजे तोवर तो सगळा माझ्यातून जमिनीत निघून जातो आणि गाडी रिकामी होते. हा सिद्धान्त मी शाळेत पोचेपर्यंत पूर्ण केला. त्यात एकच लहानशी चूक होती. तो उलटा होता.

दुपारी गाडी मन्सूरभाईंकडे नेली. बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांचं दुकान. जाड भिंगाचा चष्मा, त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी सीट काढली, हेडलाइट उघडला, एकेक वायर बोटांनी चाचपत गेले. मी बाजूला उभी राहून सिद्धान्त सांगत होते.

"ताई," ते म्हणाले, "बॅटरी बारा व्होल्टची. बाराचा झटका मानसाले लागत नाई."

"बॅटरीचा नाही, कॉइलचा. कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात."

"होतेत ना. पन गाडी चालू असताना. तुमची तं बंद राहते म्हंता."

"साठून राहत असेल."

ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. आठवीतली मुलं असं बोलली की मी त्यांच्याकडे जशी पाहते, तसं. मग त्यांनी प्लगची टोपी बदलली, अर्थिंगचा नट घासून घट्ट केला आणि म्हणाले, "गाडीत काई दिसत नाई मले. पन तुम्ही म्हंता तं पाहू."

दुसऱ्या सकाळी झटका. मी दुपारी परत गेले. त्यांनी परत सगळं उघडलं. तिसऱ्या दिवशी मीटरचे आकडे वेडेवाकडे दिसायला लागले, चौथ्या दिवशी सेल्फ रुसला. मी ऑनलाइन मल्टीमीटर मागवला आणि अंगणात गाडीपुढं उकिडवी बसून आकडे वहीत लिहू लागले. रीडिंग इतकी विचित्र होती की मी ती दोन शाईंत लिहिली.

पाचव्यांदा मन्सूरभाई म्हणाले, "ताई, एक काम करा. मले एकडाव तुमच्या घरी येऊ द्या. सकाळी. गाडी कुठी उभी राहते, कशी उभी राहते, तेवढं पाहून घेतो. इथी आली का गाडी बिचारी सीधी होते."

मला वाटलं, दोष सापडत नाही म्हणून आता घरावर ढकलतायत. "घरात काही नाही हो," मी म्हटलं. "घरी मी आहे ना पाहायला."

"हाव, तुम्ही तं हाच," ते म्हणाले आणि सीट परत बसवायला लागले.

एव्हाना बातमी वस्तीत पसरली होती. आमच्या इथं दुखणं गाडीचं असो की माणसाचं, पाहायला लोक येतातच. शेजारची रंजीता रोज सकाळी चहाचा कप घेऊन कुंपणाशी उभी राहायची. "आज कितीचा होता व?" ती विचारायची, जसा काही ताप मोजायचा होता. तिनं मला भांडी घासायचे रबरी हातमोजे दिले. एक पाहुणे म्हणाले, गाडीचं तोंड दक्षिणेला आहे ना, तिथंच चुकतंय. आम्ही बुद्धाच्या घरची माणसं, असलं काही मानत नाही. त्यांच्यापुढं मी तसं ठणकावून सांगितलं. ते गेल्यावर हवा खेळती राहावी म्हणून गाडीचं तोंड फिरवलं. उत्तरेला.

मग मी रीतसर मार्ग धरला आणि वीज कार्यालयात अर्ज केला, की आमच्या अंगणात जमिनीतून करंट येत असावा. खिडकीतले बाबू सभ्य होते.

"ग्राहक क्रमांक?"

मी घराचा दिला.

"घरातल्या कोणत्या उपकरणाला झटका येतो?"

"मोटारसायकलला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, मोटारसायकल आमच्या मीटरवर आहे का?"

"नाही."

"मग ती आमची ग्राहक नाही."

तरी त्यांनी माणूस पाठवला. तो दुपारी एकला आला, टेस्टर लावून घरभर फिरला, अंगणातल्या ओल्या मातीत टेस्टर खुपसला, गाडीला लावला. कुठंच दिवा लागला नाही. रंजीतानं आणि मी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं आपण होऊन स्वतःच्या हातानं गाडी पाच-सहा ठिकाणी दाबून दाखवली. कागदावर त्यानं लिहिलं, 'तक्रारीत तथ्य आढळले नाही'. त्या वाक्याखाली मला सही करायला लावली. मी केली. प्रथम श्रेणीनं.

याच दिवसांत आईंची वेगळीच कुरकुर चालू होती. "डुकरं काऊन येऊन राह्यलेत समजत नाई. मशीनीत दमच नाई राह्यला," त्या रोज म्हणायच्या. परसबागेतल्या रताळ्यांत रानडुक्कर शिरू नये म्हणून त्यांनी उन्हाळ्यातच कुंपणाला झटका मशीनची तार लावून घेतली होती. आमच्याकडे पुष्कळांकडे असते. तार डुकराला शिवली की एक चपराक बसते, डुक्कर मरत नाही, फक्त अपमान झाल्यासारखं पळतं. संध्याकाळी आई ती चालू करायच्या आणि सकाळी सातच्या सुमारास, चहा झाल्यावर, बंद. तर त्या मशीन विकणाऱ्याला शिव्या घालत होत्या आणि मी मन्सूरभाईंना. एकाच घरात एका बाईला करंट जास्त झाला होता आणि दुसरीला कमी पडत होता, आणि दोघींनी एकमेकींना एक शब्द विचारला नाही. ती बागेतली बाई आणि मी विज्ञानातली. आमचे विषय वेगळे.

या सगळ्यात खरा उपाय सुचवला तो लटारूभाऊंनी. लटारूभाऊ वनखात्यातून निवृत्त झालेले, समोर राहतात. ते म्हणाले, "ते पेट्रोलचे टँकर नाई पाह्यले का? मागं साखळी लोंबते न जमिनीवर? करंट मातीत जाते. बांधून टाका एक."

मी बांधली. आणि काय सांगू, झटका गायब! दोन सकाळी मी गाडीवर दोन्ही तळहात ठेवून उभी राहिले, एखाद्या विजेत्यासारखी. त्याच दोन दिवसांत डुकरांचा आख्खा कळप आत शिरला आणि वांग्यांचा वाफा उलथून गेला. आई कपाळाला हात लावून बसल्या. मी त्यांची समजूत घातली. आनंदात माणूस समजूत छान घालतो.

पण साखळी वाजायची. गावातून जाताना कुत्री मागे लागायची, आणि एकदा लागली की पुढच्या गावातली कुत्री त्यांच्याकडून पाळी घ्यायची. शाळेच्या फाटकात एका मुलीनं निरागसपणे विचारलं, "मॅडम, तुमच्या गाडीनं पैंजण काऊन घातले?" वर्ग दिवसभर हसला. मुख्याध्यापकही खिडकीकडे तोंड करून हसले. त्यांची पाठ हलताना मी पाहिली. घरी येऊन मी ती लोंबती साखळी काढून टाकली. झटका तर गेलाच होता ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत डबा भरत होते. खुशबू, एरवी मी कुलूप काढल्यावर येणारी, त्या दिवशी आधीच गाडीला टाटा करायला अंगणात गेली. तिची एक रीत आहे. ती सायलेन्सरला थोपटते.

तिची किंकाळी मी विसरणार नाही. धावत गेले तर ती मातीत बसून हात पुढं धरून रडत होती, आणि मला हात लावू देत नव्हती. तिला वाटत होतं, आता मीही झटका देईन.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, घाबरली फक्त. हातावर साधा लाल डागही नव्हता. पण मीही घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला कोणीतरी दोषी लागतो. मी चहा केला. सांगितलंच मघाशी. मग सहाशे लोकांच्या गावच्या ग्रुपवर लिहिलं: बसस्टँड रोडच्या मन्सूर यांच्याकडे कोणीही गाडी देऊ नये. वायरिंग उघडी सोडतात. आता त्यांना दिसत नाही, पण कबूल करत नाहीत. आज माझ्या तीन वर्षांच्या मुलीला त्यांच्यामुळे करंट लागला. लहान मुलं असणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. जनहितार्थ.

'जनहितार्थ' हा शब्द लिहिताना मला फार बरं वाटलं होतं, हे इथं नोंदवून ठेवते.

अंगठे धडाधड पडले. चिडलेले चेहरे, हात जोडलेले. मग कोणीतरी लिहिलं, "यांच्याकडे देताच कशाला? आपल्या माणसाकडे द्यायची."

आता जे सांगते ते सांगायला सगळ्यांत कठीण आहे. माझ्या वडिलांनी नोकरीत जन्मभर 'यांच्यातले' हा शब्द ऐकला. ज्या दिवशी ऐकून यायचे त्या दिवशी ते खूप वेळ हातपाय धूत बसायचे. तो शब्द मला लांबून ओळखू येतो. त्या दिवशी तो माझ्या बाजूनं आला होता. मी त्याला अंगठा दिला.

संध्याकाळी मन्सूरभाईंचा फोन आला. मी उचलला नाही. परत आला. तिसऱ्यांदा नाही आला.

गाडी मी दुसऱ्या एका गॅरेजला दिली, जिथं भिंतीवर प्रमाणपत्र होतं. त्यांनी सगळीच्या सगळी वायरिंग नवी घातली, मीटर बदलला. त्याच दिवशी आई कुरखेड्याला गेल्या, माझ्या नणंदेकडे, पुनमकडे, सहा दिवसांसाठी. जाताना म्हणाल्या, "संध्याकाळी मशीन लावत जाजो, विसरू नोको." मी हो म्हटलं आणि सहाही दिवस विसरले.

सहा दिवस झटका नाही! मी गाडीला एका बोटानं, मग पाच बोटांनी, मग गालानं हात लावून पाहिलं. गालाला हात नसतो हे मला माहीत आहे, पण आनंद तसा होता. आणि मग मी ग्रुपवर दुसऱ्यांदा लिहिलं. या वेळी चहासुद्धा न घेता, म्हणजे राग नसताना, शांत डोक्यानं: 'नवी वायरिंग केल्यावर त्रास पूर्ण बंद. यावरून दोष कोणाचा होता ते सर्वांनी समजून घ्यावे.'

सर्वांनी समजून घेतलं.

आई सातव्या दिवशी आल्या. रताळ्यांच्या जागी नांगरटच झालेली. "मशीन लावली होती न व?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं. खोटं. त्यांनी मशीनकडे पाहून सुस्कारा सोडला आणि संध्याकाळी ती चालू केली.

दुसऱ्या सकाळी नव्या वायरिंगच्या, नव्या मीटरच्या, पूर्ण दोषमुक्त गाडीच्या कुलपाला मी हात लावला. दणका बसला तो खांद्यापर्यंत गेला.

आई खुशबूला मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. "काऊन व, सकाळी सकाळी नाचून राह्यली?"

"आई, गाडी परत झटका देते!"

"परत म्हंजे? वायरिंग तं नवी केली न? बाहेर बी देते का?"

"नाही, फक्त इथं. सकाळी. तीन आठवडे झाले."

"अन् इथीच देते हे मले नाई सांगतलं?"

"तुम्हाला काय सांगणार? इलेक्ट्रिकचं आहे ते."

माझी सासू, अंजनाबाई, चौथी शिकली आहे. ती उठली, पदर खोचला, खुंट्यापाशी आली आणि कशालाही हात न लावता दोन्ही हात कमरेवर ठेवून फक्त पाहत उभी राहिली. तीन आठवड्यांत मल्टीमीटर घेऊन मी जे केलं नव्हतं ते तिनं केलं. पाहिलं.

"ही तार कडीले कोनं अडकवली?"

"मी. लोंबत होती. कुंपणावरची, तार धरणारी प्लास्टिकची गुंडी तुटली ना."

"कायनं तुटली?"

"खुशबूची गोधडी वाळत घातली होती. ओली. दिवसा मशीन बंद असते म्हणून..."

"तार कडीले. अन् त्याच कडीत तुई साखळी. अन् साखळी गाडीले." आईंचं बोट एकेका गोष्टीवरून फिरत गेलं. शेवटी ते खाली, चप्पलेवर थांबलं. "अन् खाली रबर ठेवलं, का करंट मातीत जाऊ नये."

मी चप्पलेवरून उलट कडीपर्यंत पाहत गेले.

"म्हंजे माया डुकराईचा करंट तू खाऊन राह्यली व पोरी!" त्या हसू लागल्या. "अन् मी त्या मशीनवाल्याच्या सात पिढ्या काढल्या!" हसता हसता त्यांनी जाऊन मशीन बंद केली. "लाव आता हात." लावला. काही नाही. "थांब, चालू करतो, मंग लाव." मी म्हटलं, नको, आता सिद्ध झालं.

खुशबू टाळ्या वाजवत होती. रंजीता कुंपणापलीकडे चहा सांडेपर्यंत हसत होती. मलाही हसू येणारच होतं. तेवढ्यात आईंनी डोळे पुसत विचारलं, "मन्सूर तं घरी येऊन पाहतो म्हनला असंल न? मंग काऊन नाई येऊ देल्लं?"

आई ग्रुपवर नाहीत. तिथलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी त्यांना वाचून दाखवलं. दोन्ही वेळचं. तो अंगठाही दाखवला. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचं हसू एकेका ओळीला उतरत गेलं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुया बाप जिता असता तं काय म्हनला असता?" आणि खुशबूला घेऊन आत गेल्या.

मी तशीच दुकानावर गेले. शटर बंद. बाजूच्या चहाच्या टपरीवरचा सुकलू म्हणाला, "ते बल्लारपूरले गेले, पोरीकडं. आठ दिस झाले."

"केव्हा येणार?"

"येत नाईत म्हने आता. सामान बी वाटून टाकलं." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, ओळखलं असावं. "लोक आले नाईत म्हनून नाई गेले ते. तसे दिस त्याईनं लय पाह्यले. ते म्हने, सुकलू, लेकराले करंट लागला माया हातानं. मोठ्याले लागला असता तं चाललं असतं. आता पाना धरवत नाई."

मला वाटलं होतं, ते माझ्यावर रागावले असतील. राग मी सोसला असता. त्याची तयारी करूनच गेले होते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

ग्रुपवर मी माफी लिहिली. सगळं लिहिलं: तार, कडी, साखळी, चप्पल. पहिल्या पोस्टला शंभरावर अंगठे होते. माफीला तीन आले, त्यांतला एक प्रफुलचा. दोघांनी डुकराचं चित्र टाकलं. ज्यानं 'यांच्याकडे' लिहिलं होतं त्यानं लिहिलं, "चालायचंच ताई, मनाला लावून घेऊ नका." त्याला मी उत्तर लिहिलं, नाव घेऊन. ॲडमिननं ते काढून टाकलं. ग्रुपवर वाद नको म्हणाले.

पुढच्या रविवारी प्रफुल, मी आणि खुशबू मोटारसायकलवरून बल्लारपूरला गेलो. मन्सूरभाईंच्या मुलीचं, मदीहाचं घर रेल्वे स्टेशनच्या मागच्या वस्तीत, निळ्या दाराचं. मदीहानं दार उघडलं, मी कोण ते सांगितल्यावर क्षणभर तसंच धरून ठेवलं, मग बाजूला झाली. मन्सूरभाई खाटेवर बसले होते. उठून उभे राहिले.

"आओ ताई, बसा. दूर पडलं न?"

मी बसले नाही. म्हटलं, "मन्सूरभाई, तुमची काहीच चूक नव्हती." आणि कागदावर काढून दाखवलं. वर्गात काढते तसं. ही तार, ही कडी, ही साखळी, ही चप्पल. ते चष्मा सारखा करून ऐकत होते. मधेच मान डोलवत होते.

"अच्छा," ते म्हणाले. "झटका मशीन."

"हो! तुम्ही घरी येतो म्हणालात तेव्हा मी येऊ दिलं असतं तर..."

"ताई," ते हसले, अगदी मायेनं, "तुमचं दिल बडं हाय. बुढ्याले बरं वाटावं म्हनून इतक्या दूर लेकरू घेऊन आल्या. कागद बी काढून आनला."

"मी खरं सांगतेय!"

"हाव हाव, खरंच. मी कुठी नाई म्हंतो?" ते मला समजावत होते. मला! "पन लेकराले लागला न करंट. कुठीतरी एखादी वायर घासली असंल. मले दिसली नसंल. आता दिसत नाई बराबर, हे तं खरंच लिवलं तुम्ही."

प्रफुल बोलला. त्यालाही ते तसेच हसले. खुशबूला त्यांनी बिस्किट दिलं. हातात नाही. बशीत ठेवलं आणि बशी लांबून तिच्याकडे सरकवली, बोटं मागे घेत. निघताना ते दारापर्यंत आले. दारात मोटारसायकल उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नंतर मी दोनदा फोन केला. मदीहा उचलते. "अब्बू ठीक हैं," म्हणते. ठीक म्हणजे काय, विचारलं, तर म्हणाली, दिवसभर बसून असतात, घरातला बल्बसुद्धा बदलत नाहीत, तिला सांगतात. डोळे दाखवायला चला म्हटलं तर कशाला म्हणतात. मी परत जायला तयार आहे, पण माझा तिथं उपयोग नाही. मी जे काही बोलते ते त्यांना दया वाटते, आणि ज्या तोंडानं त्या सात ओळी लिहिल्या त्याच तोंडावर त्यांनी आता भरवसा का ठेवावा?

म्हणून तुम्हाला सांगतेय. सिंदेवाहीच्या आसपास राहत असाल, तर गेल्या तीस वर्षांत तुमची, तुमच्या भावाची, मामाची एखादी तरी गाडी त्यांच्या हाताखालून गेलेली असेलच. बल्लारपूरला काही कामानं गेलात तर स्टेशनच्या मागं पाच मिनिटं वळा. निळं दार कोणीही दाखवेल. माझं नाव सांगू नका. तुमची गाडी दारात लावा आणि म्हणा, मन्सूरभाई, अमक्या साली तुम्ही वायरिंग केली होती, अजून चालते. खरं असेल तरच म्हणा. खोटं त्यांना लगेच कळतं, खरं मात्र आता कळेनासं झालंय. ते जेवतात का, डोळे दाखवायला गेले का, तेवढं मदीहाला विचारा. आणि त्यांनी तुमच्या गाडीला हात लावला, तर कृपा करून मला कळवा.